बर्फ पडणार, इन्शाल्ला

कतारात बर्फ पडणार, ही गोष्ट सर्वांत आधी कासम परकारला कळली. सरकारी हवामान खात्याला ती शेवटपर्यंत कळली नाही, पण त्यात खात्याचा काही दोष नाही. खात्याकडे नुसती यंत्रं होती. कासमकडे नुरुल होता.

नुरुल म्हणजे कासम राहायचा त्या, दोह्याच्या बिन महमूद वस्तीतल्या इमारतीचा बांगलादेशी राखणदार. जिन्याखाली त्याची खोली, खोलीत एक खाट, एक टीव्ही आणि कुणीतरी कतार सोडून जाताना मागे टाकून गेलेला, दिवसभर गुरगुरणारा एक जुना फ्रीज. हा फ्रीज वाचकांनी लक्षात ठेवावा. कासमने ठेवला नाही, म्हणून तर पुढचं सगळं रामायण झालं.

कासम स्वतः हॉटेलांना आणि शीतगृहांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरचा कारकून होता. खेडहून येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत ऑफिसात त्याला कोणी कधी कशाबद्दल मत विचारलं नव्हतं. घरी बायको, अजरा, विचारायची. पण निर्णय घेऊन झाल्यावर विचारायची. तिचा भाऊ हमीद अल गराफात राहायचा आणि दर शुक्रवारी जेवायला येऊन कोणी न विचारता मतं द्यायचा. अशा या कासमने गेल्या हिवाळ्यात, कोकणवाल्यांच्या पिकनिकच्या आदल्या दिवशी, आभाळाकडे बघत सहज म्हटलं, "उद्या पाऊस आहे हां." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी बिर्याणीच्या डेगीत इतकं पाणी शिरलं की बिर्याणी वाटीतून प्यावी लागली. तेव्हापासून किराणा दुकानात, जिन्यात, मशिदीबाहेर चपला घालताना माणसं त्याला थांबवून विचारायला लागली, "काय कासमभाई, उद्या काय?"

या चार शब्दांवर कासम जगत होता म्हटलं तरी चालेल. माणसाला पगार लागतो, जेवण लागतं, ते खरं. पण कोणीतरी थांबून आपल्याला काही विचारावं हेही लागतं. त्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हवामानाचे नकाशे बघायला सुरुवात केली. "लो प्रेशर" हा शब्द तो पूर्वी फक्त सासऱ्यांच्या तब्येतीबाबत वापरायचा. आता तो इराणबाबत वापरू लागला.

आणि 2004 सरता सरता पेपरात फोटो आला. अमिरातीतल्या रास अल खैमाच्या डोंगरावर बर्फ! आखाती डोंगर, वर पांढरी चादर. कासमने तो फोटो कापून स्वयंपाकघरात चिकटवला.

"तोच समुद्र, तोच वारा," तो शुक्रवारी जेवताना म्हणाला. "तिथे पडतो, तर इथे का नाही?"

"तिथं डोंगर हाय, दुल्हाभाय," हमीद हाड चोखत म्हणाला. "इथं काय हाय? राउंडअबाउट."

हे बोलणं कासमला लागलं. लागण्यासारखंच होतं, कारण त्यात तथ्य होतं.

पण कासम एकटा नव्हता. त्याची एक कमिटी होती. त्यात दुसरा सभासद संपत, कंपनीच्या मिनीबसचा ड्रायव्हर, माणदेशातला, बायको शालू आणि मुलं गावाकडे. संपतला नकाशे वगैरे कळत नसत, त्याला बर्फ हवा होता, आणि त्याचं कारण घरगुती होतं. त्याच्या शेजाऱ्याचा मुलगा पलटणीत होता आणि काश्मिरातून बर्फात उभं राहून काढलेले फोटो पाठवायचा. "आवं, म्या बी परदेसात हाय की," संपत कळवळून म्हणायचा. "पर माझ्या फोटोत काय? वाळू. शालू म्हणती, वाळू तर आपल्या वढ्यात बी हाय, त्यासाठी इमानानं कशाला जायचं?" तिसरा सभासद मधु, पहिल्या मजल्यावरचा मल्याळी. तो विमानतळावर कार्गोत होता. विमानांच्या जवळ वावरतो म्हणजे त्याला हवेतलं कळणारच, असं सगळे धरून चालत. मधु फारसा बोलायचा नाही. नुसता "पॉसिबल" म्हणायचा. कमिटीला एवढं पुरे होतं.

आता हवामान म्हटलं की थर्मामीटर आला. कासमने स्टोअरमधून शीतगृहाचा एक जुना, काचेचा थर्मामीटर मिळवला. तो गच्चीवर पाण्याच्या टाकीला बांधायचा, एवढंच काम होतं. पण नुरुल आडवा आला. मालकाच्या ऑफिसच्या परवानगीशिवाय गच्चीवर खिळासुद्धा ठोकायचा नाही, असा हुकूम होता. म्हणून कासम मालकाच्या ऑफिसात गेला. तिथल्या बाबूने थर्मामीटर उलटासुलटा करून पाहिला.

"ये क्या करता है?"

"ठंडी कितनी है, बताता है."

"आपको मालूम नहीं पड़ता?"

कासम जरा ताठ झाला. "पड़ता है. लेकिन आँकड़ा चाहिए."

"गर्मी में गर्मी, सर्दी में सर्दी, खलास," बाबू म्हणाला. "इसमें आँकड़ा क्या?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही हवामान खात्याकडे उत्तर असेल असं वाटत नाही. मग बाबूने अर्ज काढला. अर्जात गच्चीवर बसवायच्या वस्तूंचे तीनच प्रकार छापलेले होते: एसी, पाण्याची टाकी आणि डिश अँटेना. चौथा प्रकार असू शकतो हे ऑफिसला मान्य नव्हतं. कंपनीचं ना-हरकत पत्र आणा, त्यावर शिक्का आणा, अरबीत टाइप करून आणा, असं करत करत आठवडाभराने थर्मामीटर "डिश अँटेना, लहान" म्हणून मंजूर झाला. आता तो अधिकृत झाल्यामुळे त्याची जबाबदारी नुरुलवर आली.

"नाज़ुक चीज़ है," कासमने त्याला बजावलं. इतकी वणवण केल्यावर माणसाच्या आवाजात थोडा अधिकार येतोच. "धूप से बचाना. गर्मी से बचाना. कुछ हुआ तो तुम ज़िम्मेदार."

"गरमी से बचाएगा शाब," नुरुल छातीवर हात ठेवून म्हणाला. आणि तो शब्दाला जागणारा माणूस होता, हीच खरी अडचण झाली.

पहिल्या दिवशी फजरची नमाज आटोपून कासम गच्चीवर गेला. पारा चौदावर होता. दोह्याच्या जानेवारीत ते काही विशेष नाही. दुसऱ्या दिवशी गेला तर पारा सातवर! कासमने डोळे चोळले. टाकीजवळ उभ्या असलेल्या नुरुलनेही कौतुकाने पाहिलं. तिसऱ्या दिवशी सहा. चौथ्या दिवशी पाच. कासमच्या अंगावर काटा आला. तो थंडीचाच असणार असं त्याने ठरवलं. स्वतःला थंडी फारशी का वाजत नाही, याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं: हवा कोरडी आहे. कोरड्या हवेत थंडी कळत नाही. हा शोध त्याने स्वतः लावला होता आणि तो कुणीही खोडून काढला नव्हता, कारण कुणीही नीट ऐकला नव्हता.

एकदा तो थर्मामीटर अजराला दाखवायला खाली घेऊन आला. अजराने नाकाला पदर लावला.

"अवो, ह्येला म्हावऱ्याचा वास येताय."

"शमाल," कासम शांतपणे म्हणाला. "उत्तरेचा वारा. समुद्रावरून येतो ना, वास घेऊन येतो."

"वारा हमूर घेऊन येताय?" अजरा म्हणाली. ती खाडीकाठची, दाभोळची. मासा न बघता ओळखणारी. पण कासम तोवर कॉम्प्युटरसमोर बसायला ऑफिसला निघाला होता.

इंटरनेटवर आखातातल्या हौशी हवामानवाल्यांचा एक ग्रुप होता. कुवेतचा एक इंजिनियर, बहारीनची एक शिक्षिका, आणि असेच पंधरा-वीस जण दर हिवाळ्यात बर्फाची वाट बघत एकमेकांना धीर द्यायचे. कासमने तिथे लिहिलं: दोहा, पहाटे, पाच अंश. ग्रुपात खळबळ उडाली. कुवेतच्या इंजिनियरने कासमचा आकडा घेऊन नवा नकाशा काढला. बहारीनच्या बाईंनी त्या नकाशावरून भाकीत केलं की शुक्रवारी कतारमध्ये हिमवृष्टीची दाट शक्यता आहे. ते भाकीत वाचून कासम खुर्चीतून उठला. बघा, तो मधुला म्हणाला, मी एकटा नाही म्हणत, कुवेत आणि बहारीनसुद्धा तेच म्हणताहेत! आपलाच आकडा दोन देश फिरून, नवे कपडे घालून आपल्याकडे परत आलाय, हे त्याला ओळखू आलं नाही.

"पॉसिबल," मधु म्हणाला.

आणि कासमने जाहीर केलं. किराणा दुकानात जाहीर केलं, मशिदीबाहेर जाहीर केलं: शुक्रवारी बर्फ पडणार, इन्शाल्ला. हमीदला फोन केला. हमीदने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुल्हाभाय, पडला तर मी तुमचे पाय धुईन. नाय पडला तर ह्यो हवामानाचा धंदा बंद. परत आभालाकडं बगायचं नाय."

"कबूल," कासम म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला अटीचा अर्थ कळला. उद्या काय, हे कोणी विचारायचंच नाही? कायमचं?

पण ते काहीच नव्हतं. त्याची नऊ वर्षांची मुलगी हनिया शाळेतून आली ती लाल गालांनी. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर इंग्रजीतून यायचं.

"डॅडी, आय टोल्ड माय होल क्लास. मॅम लाफ्ड. एव्हरीबडी लाफ्ड."

"मग तू काय म्हणालीस?"

"आय सेड, माय डॅडी इज नेव्हर राँग."

कासमने आपल्या आयुष्यात अनेक वेळा अनेक गोष्टी चुकीच्या केल्या होत्या आणि अजराला त्या तारखेवार पाठ होत्या. पण हे वाक्य त्याच्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. त्याला इतका आनंद झाला आणि त्याच वेळी इतकी भीती वाटली की तो उगाच गच्चीवर जाऊन आला.

आता ब्लँकेटांकडे वळायला हवं. कोकणात थंडी नसते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही आखातातला कोकणी माणूस गावी जाताना जाडजूड ब्लँकेटं घेऊन जातो. वाघाची, गुलाबाची, मोराची. ती पांघरायची नसतात. ती चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या कडीसकट, कपाटावर रचून ठेवायची असतात, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं की घरातलं माणूस गल्फला आहे. चेन उघडली की ब्लँकेट संपलं. अजराच्या धाकट्या बहिणीचं, अफशांचं लग्न मे महिन्यात दाभोळला होतं, आणि तिच्यासाठी घेतलेली सहा डबल ब्लँकेटं अजराच्या पलंगाखाली झोपली होती. अजरा दर शुक्रवारी पलंगाखाली वाकून ती मोजायची.

"हनिया गारठेल," गुरुवारी कासम म्हणाला.

"गारठू दे."

"शून्याच्या खाली जाणार आहे. न्यूमोनिया झाला तर अफशांचं लग्न काय कामाचं?"

अजराने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "ह्यो तुमचा शब्द हाय? नक्की?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने त्याचा शब्द असा कधी मागितला नव्हता. कासमने दिला. चेन उघडल्याचा आवाज झाला, सर्र. बिन महमूदच्या त्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. शेजारी चिपळूणवाले होते, वर मंडणगडवाले. परकारांनी लग्नाची ब्लँकेटं उघडली म्हणजे गोष्ट गंभीर आहे, असं सगळ्यांनी ताडलं. संध्याकाळपर्यंत मजल्यामजल्यावर चेना उघडल्याचे आवाज येत होते. एकाही घरात गावी न्यायचं कोरं ब्लँकेट उरलं नाही.

बर्फ उंचावर पडतो, म्हणून उंचावर जाणं आलं. दुखानच्या रस्त्याला एक टेकाड आहे. कतारात उंच म्हणावं असं जे काही आहे त्यात त्याचा नंबर वरचा लागतो. खेडला त्याला कुणी चढ म्हटलं नसतं. शुक्रवारी सकाळी संपतने कंपनीची मिनीबस काढली. ती दर शुक्रवारी धुवायला न्यायची असते, आणि धुण्याची जागा दुखानकडे असू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. संपतने इस्त्रीचा शर्ट घातला होता. हमीद कॅमेरा घेऊन आला. "पुरावा नको?" तो म्हणाला. मधु कानटोपी घालून आला. अजराने थर्मासभर चहा घेतला आणि सहाच्या सहा ब्लँकेटं बसमध्ये टाकली.

टेकाडावर वारा होता, आभाळ भरलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर छान वाटत होतं. सगळे ब्लँकेटं पांघरून ओळीने उभे राहिले. लांबून पाहणाऱ्याला टेकाडावर तीन वाघ, दोन गुलाब आणि एक मोर दिसला असता, आणि दिसलाही. खाली तंबू ठोकलेल्या एका कतारी कुटुंबातले म्हातारे गृहस्थ काठी टेकत वर आले. सलाम झाला. त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं की तुम्ही कशाची वाट बघताय?

कासमने आभाळाकडे बोट केलं आणि बर्फ सांगितला. म्हाताऱ्यांनी आभाळाकडे पाहिलं, सहा ब्लँकेटांकडे पाहिलं, हनियाकडे पाहिलं. हसले नाहीत. "इन्शाल्ला," एवढंच म्हणून त्यांनी खालून खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाठवला. त्या अख्ख्या प्रकरणात कासमचा मान ठेवणारा तेवढा एक माणूस निघाला.

मग शमाल आला. खरा शमाल. समोरचं क्षितिज पिवळं झालं आणि हनियाने दोन्ही हात पुढे केले. तिच्या तळव्यांवर काहीतरी बारीक, कोरडं पडलं.

"डॅडी," ती म्हणाली, "इज इट धिस?"

वाळू होती. डोळ्यांत, कानांत, चहात, हमीदच्या कॅमेऱ्यात आणि वाघांच्या अंगावरच्या केसाकेसात. कासमला त्या क्षणी वाळूत गडप व्हावंसं वाटलं, आणि तशी सोयही होती. हनियाने हात खाली घेतले आणि ब्लँकेटाला पुसले. त्याला तेच सगळ्यात जास्त लागलं. परतीच्या वाटेवर बसमध्ये फक्त हमीद बोलत होता. संपत मध्येच म्हणाला, "आता ह्यो शर्ट परत इस्त्री कराय लागंल."

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. चिपळूणवाले शेजारून आले. मंडणगडवाले खाली आले. सगळ्यांच्या हातात उघडी ब्लँकेटं होती आणि तोंडात एकच प्रश्न: आता गावी काय न्यायचं? एकाने चेन परत लावून पाहिली होती, पण आत हवा राहून ब्लँकेट गरोदर बाईसारखं दिसत होतं. कासमने चार दिशांना चार वेळा माफी मागितली. अजराने मागितली नाही आणि दिलीही नाही. तिने फक्त सहा वाळूभरली ब्लँकेटं त्याच्यासमोर टाकली.

शनिवारी दुपारी कासम गच्चीवर गेला, थर्मामीटर काढून स्टोअरला परत करायला. शब्द म्हणजे शब्द. आणि टाकीजवळ थर्मामीटर नव्हता.

त्याला जवळजवळ बरंच वाटलं. चोरी! म्हणजे या गोष्टीत कासमपेक्षा वाईट कोणीतरी होतं. तो ताडताड जिना उतरला, आणि ओरडा ऐकून मागोमाग अजरा, हनिया, चिडवायला कॅमेऱ्यासकट परत आलेला हमीद, मधु, आणि वाळूने खराब झालेली बस धुवायला आलेला संपत, सगळे नुरुलच्या दारात जमले.

"डिश कहाँ है?" कासम गरजला. कागदोपत्री ती डिशच होती.

"है ना शाब!" नुरुलचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याच्या कामाची चौकशी केली होती. त्याने आपला जुना फ्रीज उघडला, मोठा हमूर जरा बाजूला सारला आणि त्याच्या पोटाखालून, पिशवीत गुंडाळलेला थर्मामीटर काढला. "आप बोला गरमी से बचाना. गच्ची पे दिन में कितना धूप! इसमें रखता है. शुबे आप आने का टाइम, जल्दी ऊपर लगाता है. एक दिन भी गरमी नहीं लगने दिया शाब."

फ्रीज गुरगुरत होता. अजरा हळूच म्हणाली, "हमूर. मी सांगितलं होतं." आणि मग हमीद हसायला लागला. तो जिन्यावर बसला, मग पायरीवर आडवा झाला, मग त्याला पाणी द्यावं लागलं. कुवेतचा इंजिनियर, बहारीनच्या बाई, सगळे त्या माशाच्या तब्येतीवर नकाशे काढत बसले होते.

"पॉसिबल," मधु म्हणाला. या वेळी त्याने ते टोपी काढून म्हटलं.

कासमला वर बघवेना. सगळ्यांचं चालतं, पण हनियाकडे बघवेना. मॅम हसली होती, वर्ग हसला होता, आणि उद्या रविवारी शाळा होती.

हनिया मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. ती उघड्या फ्रीजकडे बघत होती. वरच्या खणाचं झाकण केव्हाच तुटलं होतं, आणि कित्येक महिने कुणी न खरवडल्यामुळे आत बर्फ साठला होता. जाड, भुसभुशीत, पांढराशुभ्र. फोटोतल्या डोंगरावर होता तसा. तिने नुरुलचा भाताचा चमचा उचलला, एक ढीग खरवडला, दोन्ही हातांत घेऊन दाबला, त्याचा गोळा केला, आणि नेम धरून बापाच्या कपाळावर मारला.

"इट स्नोड!" ती किंचाळली. "डॅडी, यू सेड इट वुड!"

कासमच्या कपाळावरून नाकावर बर्फ ओघळला. गार होता. त्याला हमूरचा वास होता. आणि मुलगी हसत होती, खरीखुरी, पोट धरून. त्याचे डोळे भरून आले. वाळू गेली असेल असं तो अजूनही सांगतो. मग त्याने स्वतः चमचा घेतला आणि हमीदला मारला. हमीदने मधुला मारला. नुरुलला काही कळलं नाही, पण कामाची पावती मिळतेय एवढं कळलं, आणि त्याने खालचा बर्फही खरवडून दिला.

"थांबा, थांबा!" संपत ओरडला. "फोटू! फोटू काढा माझा!"

अजराने वाघाचं ब्लँकेट आणून त्याच्या खांद्यावर टाकलं. संपत दोन्ही हातांत बर्फ घेऊन फ्रीजसमोर उभा राहिला, छाती काढून, हवालदारासारखा. हमीदने कॅमेऱ्यातली वाळू फुंकली आणि जमेल तितकं जवळून फोटो काढला. फोटो माणदेशात पोचला तेव्हा अख्खी आळी बघायला आली म्हणे. फक्त शालूने फोनवर एक शंका विचारली: "आवं, तितं बर्फासंगट मासं बी पडत्यात व्हय? तुमच्या मागं शेपूट दिसतंया." संपत म्हणाला, "परदेस हाय बाई, काय बी पडतंय."

हनियाने शाळेत सांगितलं की बर्फ पडला, पण एकाच खोलीत, आणि त्याला मासळीचा वास होता. वर्गाने यावर पुष्कळ विचार केला आणि विश्वास ठेवला. खोटं बोलणारी मुलगी मासळीचा वास कशाला जोडेल?

राहिली ब्लँकेटं. शिक्षा म्हणून कासमने ती बाथटबमध्ये टाकून, लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून, रविवारी संध्याकाळी पायांनी तुडवली. वाघांच्या अंगातून अर्धं दुखान निघालं. अजरा दारात उभी होती. तिने टबातलं पिवळं पाणी पाहिलं. मग म्हणाली, "अवो, उद्या काय? गच्चीवर घालू, का आत?"

कासम टबात थबकला. आतापर्यंत सगळ्यांनी विचारलं होतं, अजराने कधीच नाही. हमीदला दिलेला शब्द त्याला आठवला, पण बायकोने विचारलं तर उत्तर द्यायला हरकत नसावी. तो टबातून बाहेर आला, खिडकीतून आभाळ पाहिलं, वाऱ्याचा अंदाज घेतला, आणि सगळा प्रामाणिकपणा पणाला लावून म्हणाला, "घाल गच्चीवर. कोरडं राहील."

अजराने मान हलवली. सहाही ब्लँकेटं उचलली आणि एकेक करून घरातच, दारांवर, खुर्च्यांवर, जेवणाच्या टेबलावर पसरली.

सकाळी असा पाऊस झाला की राउंडअबाउटवर गाड्या तरंगल्या. भिंतीतून कासमचं ऐकलेल्या चिपळूणवाल्यांची ब्लँकेटं गच्चीवर होती. परकारांची कोरडी. अजराने ती पिशव्यांत भरली, प्रत्येकीवर गुडघा ठेवून हवा काढली, चेना लावल्या आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या ह्यांच्यासारका भरवशाचा माणूस नाय. इचारायचं, आणि उलटा करायचा."

ही बातमी ब्लँकेटांहून लवकर पसरली. पुढच्या गुरुवारी कासम ऑफिसातून येत होता, तर हमीदची गाडी खाली उभी, आत मुलं, मागे पिकनिकची पातेली. हमीदने काच खाली केली.

"धंदा बंद होता ना?" कासम म्हणाला.

"तो गेला खड्ड्यात. दुल्हाभाय, उद्या काय?"

कासमने त्याच्याकडे पाहिलं. हमीद का विचारतोय ते त्याला पक्कं माहीत होतं. जिन्यात चिपळूणवाले थांबले होते, तेही त्याचसाठी. मंडणगडवाली बादली घेऊन गॅलरीत आली होती. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. कासमने सावकाश मान वर केली, आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट तपासलं, आणि घसा साफ केला.

"उद्या पाऊस आहे," तो म्हणाला. "जोरदार."

"यल्ला, चला!" हमीद मुलांना म्हणाला. "छत्र्या गाडीतनं काढून टाका."